आवाज येतोय, चित्र नाही

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी लिनक्सवाला असतो. त्याला शोधावं लागत नाही. लिफ्टमध्ये कुणी नुसतं "लॅपटॉप फार रखडतोय हो" म्हटलं की तो आपणहून प्रकट होतो. वय पंचेचाळिशीचं, नोकरी आयटीतली, खांद्यावर सॅक, सॅकमध्ये पेनड्राइव्ह आणि पेनड्राइव्हवर उबुंटू नावाचं लिनक्स. ऑक्टोबर 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला टाटा केला आणि जुन्या लॅपटॉपांना विंडोज 11 दारात उभं करेना, तेव्हा आम्ही नव्या लॅपटॉपच्या किमती बघून सुस्कारे सोडत होतो. हा मात्र मजल्यामजल्यावर जाऊन, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून जुने लॅपटॉप वाचवत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा 2013 सालचा लॅपटॉप असाच वाचला.

आणि तो खरोखर वाचतो, हे सांगितलंच पाहिजे. भराभर सुरू होतो, व्हायरसची कटकट नाही, आणि हा गृहस्थ पैसेही घेत नाही. सगळं सुरळीत चालतं. व्हिडिओ लावेपर्यंत.

काकूंच्या मुलाने न्यू जर्सीहून नातीच्या नाचाचा व्हिडिओ पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र धूसर होतं म्हणून आयफोनमधली मूळ फाइलच ड्राइव्हवर चढवली, तीही फोर-के. काकूंनी मोठ्या हौसेने ती लावली. ढोलकी वाजली, शिट्ट्या पडल्या, तिथल्या मंडळाच्या अध्यक्षांचं माइकवर खाकरणंसुद्धा ऐकू आलं. पडदा मात्र काळाच. काकूंनी इंटरकॉम उचलला. "अरे, आवाज येतोय, चित्र नाही."

असं काही ऐकलं की तुमच्याआमच्या कपाळाला आठ्या पडतात. लिनक्सवाल्याला उकळ्या फुटतात. "काकू, कशाला हात लावू नका, आलोच!"

आल्या आल्या पहिला प्रश्न. "तुम्ही एक्स-11 वर आहात की वेलँडवर?"

"मला काय विचारतोस? तूच टाकलंयस ना ते!"

काकांनी पेपरातून डोकं वर काढलं. "वेळास? ते कासवांचं?"

अशा अडथळ्यांनी लिनक्सवाला विचलित होत नाही. तो टर्मिनलची काळी विंडो उघडतो. घरच्यांना वाटतं, आधी फक्त व्हिडिओ काळा होता, आता सगळाच कारभार आटोपला. तो मात्र पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वाचत "अच्छा... अच्छा..." म्हणत राहतो आणि मग खुर्ची वळवून व्याख्यान सुरू करतो.

"काकू, फाइलच्या नावाच्या शेवटी एमओव्ही आहे ना, तो नुसता डबा. आत भाजी कुठली ते झाकणावरून कळत नाही. आत चित्र भरलंय ते एच.265 पद्धतीने. हे 2013 चं प्रमाण, आयफोनने 2017 पासून उचललं. ती भाजी सोडवायला लागणारा कोडेक आपल्याकडे नाही."

"मग व्हॉट्सअ‍ॅपवर कसं दिसतं?"

"ते सगळ्यांच्या डब्यात वरणभात भरतं, काकू. एच.264. 2003 चं. कुणालाही पचतं."

इथपर्यंत काकूंना सगळं कळलं होतं. पण व्याख्यानाची गाडी पेटंटांकडे वळली. हे व्हिडिओ उलगडणारा कोड फुकट मिळतो. एफएफएमपेग नावाचा तो प्रकल्प फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने 2000 साली सुरू केला. पण पद्धतीवर कंपन्यांची पेटंटं, म्हणून लिनक्सच्या आवृत्त्या कोडेक सोबत द्यायला कचरतात. त्यांतल्या फेडोराने तर 2022 साली ग्राफिक्स चिपकडून एच.264 उलगडून घेण्याची असलेली सोयही काढून टाकली. हे सांगताना त्याचा आवाज चढतो. पाठोपाठ 2012 सालचा प्रसंग येतोच. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात बोलत होता आणि ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाचं नाव निघताच त्याने कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवलं होतं. काकूंसमोर हा प्रसंग साभिनय सांगताना लिनक्सवाला तर्जनी दाखवतो.

आता, उबुंटू टाकताना एक चौकट विचारते की जादा मीडिया फॉरमॅटची सोय हवी का. तिथे टिक केली असती तर काकूंना इंटरकॉम उचलावाच लागला नसता. ती चौकट याने तत्त्व म्हणून रिकामी ठेवली होती. या माहितीवर तो फार रेंगाळला नाही.

शेजारचा नववीतला मुलगा दारातून म्हणाला, "काका, व्हीएलसी टाका ना."

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरबद्दल लिनक्सवाल्याला अपार आदर. 1996 साली पॅरिसच्या एकोल सांत्राल कॉलेजातल्या पोरांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर टीव्ही बघायला सुरू केलेला उद्योग, रस्त्यावरच्या केशरी शंकूचं त्याचं चिन्ह, सगळं त्याने प्रेमाने सांगितलं. पण व्हीएलसी टाकला नाही. "त्याच्यात कोडेक आतच असतात. लगेच चालेल. पण मग का चालत नव्हतं, ते कळणार नाही."

इथे हा माणूस उमगतो. त्याला सिनेमाची आवड असावी असा लोकांचा समज आहे. त्याने बघितलेला सिनेमा एकच, 'बिग बक बनी'. ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी 2008 साली काढलेला हा दहाएक मिनिटांचा कार्टूनपट व्हिडिओ तपासायला जगभर वापरतात. यात एक गलेलठ्ठ ससा बिळातून बाहेर येऊन आळस देतो. लिनक्सवाल्याने तो आळस शेकडो वेळा पाहिलाय. पुढे त्या सशाला तीन टवाळ प्राणी छळतात आणि तो त्यांचा सूड घेतो, हे त्याला त्या नववीतल्या मुलाकडून कळलं. ससा न अडखळता बाहेर आला की याचा सिनेमा संपतो.

शेवटी कोडेकचा गठ्ठा उतरवायला घेतला. मध्येच एक निळाजांभळा पडदा आला. गठ्ठ्यासोबत मायक्रोसॉफ्टचे फाँट येतात, त्यांच्या अटी मान्य आहेत का? ज्या कंपनीच्या तावडीतून लॅपटॉप सोडवला, तिच्याच अटी. त्याने खिडकीबाहेर बघत एंटर दाबलं.

चित्र आलं! पण नात एक गिरकी घ्यायची, थिजायची आणि तीन पावलं पुढे उगवायची. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. पुन्हा टर्मिनल. निदान झालं. एच.265 पूर्णपणे चिपवर उलगडायची सोय इंटेलने 2015 च्या सहाव्या पिढीपासून दिली, आणि हा लॅपटॉप चौथ्या पिढीतला. सगळं ओझं प्रोसेसरवर. कुठलाही ड्रायव्हर टाका, उपयोग नाही. एवढी वाईट बातमी इतक्या प्रसन्न चेहऱ्याने देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"एकच मार्ग. फाइलच बदलायची. फोर-केची साधी एचडी करून एच.264 मध्ये."

काकू विचारात पडल्या. "म्हणजे वरणभातच ना?"

"हो, पण घरचा."

घरचा वरणभात शिजेपर्यंत बाहेर अंधार पडला. काकूंनी दोनदा चहा केला, काका जेवायला बसले. मग त्याने एमपीव्ही नावाच्या प्लेअरमध्ये फाइल लावली आणि नात खरोखर नाचू लागली, सलग, नऊवारीत, नथीसकट. शेजारपाजारचे जमले. त्याने शिफ्ट-आय दाबलं. नातीच्या चेहऱ्यावर आकड्यांच्या ओळी उमटल्या.

"ड्रॉप्ड फ्रेम्स शून्य!"

"अरे, ते आकडे काढ. तोंड दिसत नाहीये तिचं."

"बघा ना काकू, प्रोसेसर किती निवांत आहे."

आणखी पाच-सात सेकंद त्याने आकडे डोळे भरून पाहिले. मग विंडो बंद केली आणि सॅक उचलली.

"अरे, नाच राहिला की!"

"चालतोय ना?" तो चपला घालत म्हणाला. "मग झालं तर."