पेटीतला नाग

कोब्रा नावाच्या मोटारीची जन्मकथा ऐकली की मला आपल्याकडचे लग्नं जुळवणारे काका आठवतात. इंग्लंडात टेम्स डिटनला एसी कार्स नावाचा छोटा कारखाना होता. त्यांची गाडी देखणी, अंगाने हलकी, चांगल्या घरची. पण तिच्या इंजिनाचा पुरवठा आटत चाललेला. तिकडे अमेरिकेत फोर्डकडे नवं, दणकट व्ही-एट इंजिन तयार, आणि त्याला शोभेल अशी गाडी घरात नाही. मध्ये पडला कॅरोल शेल्बी. टेक्सासचा गडी. कोंबड्या पाळून बुडालेला, १९५९ साली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला, पुढे हृदयाच्या दुखण्यामुळे शर्यती सोडाव्या लागलेला. १९६२ च्या फेब्रुवारीत पहिली गाडी इंजिनाविना कॅलिफोर्नियात उतरली आणि तिथल्या एका गॅरेजात काही तासांत हे स्थळ जुळलं.

गाडी होती एकच. मासिकांचे लोक चालवून बघायला येऊ लागले, तेव्हा शेल्बीने तीच गाडी पुन्हापुन्हा नव्या रंगात रंगवून त्यांच्यापुढे उभी केली. वाचणाऱ्यांना वाटलं, कारखाना धडाधड चालू आहे.

हे सगळं आधी सांगायचं कारण, आमच्या शेजारच्या मास्तरांना गल्लीतले लोक ‘नकली गाडीवाले’ म्हणतात.

मी राहतो इंग्लंडात, लेस्टरजवळ. इथे घराघराला गॅरेज आहे आणि गाड्या रस्त्यावर पावसात उभ्या असतात. गॅरेजात जुने सोफे राहतात. मास्तरांच्या गॅरेजात मात्र गाडी आहे, फक्त ती गाडी आहे हे सांगावं लागतं. गणित शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी कोब्राचं किट मागवलं. एके दिवशी ट्रकमधून फायबरग्लासचं अख्खं अंग आलं, पाठोपाठ चेसिस आणि खोक्यांची चळत. मागचा अ‍ॅक्सल एका म्हाताऱ्या जॅग्वारचा. इंजिन रोव्हरचं व्ही-एट, जे मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं. साठच्या दशकात रोव्हरने त्याचे हक्क विकत घेतले होते. म्हणजे इंग्रजी गाडीत अमेरिकन इंजिन, ही घराण्याची रीत इथेही पाळली गेली. मास्तर हे फार गंभीरपणे सांगतात.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिने कुंपणावरून बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, “अरे, यांची गाडी चोरीला गेली होती का? परत मिळालेली दिसतेय.”

इंग्रजांना गाडी घरी जोडण्याचा हा नाद लावला तो करखात्याने. युद्धानंतरच्या काळात तयार गाडीवर जबर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. १९५७ साली कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन आली ती याच सवलतीवर. तयार घ्या किंवा खोक्यांत घ्या. खोक्यांतली पार निम्म्याच्या आसपास. कर वाचवायचा तर कंपनीने जोडणीची माहिती द्यायची नाही, असा नियम होता म्हणतात. कंपनीने मग गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली. गिऱ्हाइकाने ती शेवटापासून वाचायची! ही गोष्ट खरी असो वा नसो, मास्तरांकडची आजची पुस्तिका बघता ती परंपरा कुणीतरी निष्ठेने चालवली आहे असंच वाटतं. १९७३ साली खरेदीकर जाऊन व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. काटकसर संपली, पण नाद उरला. आता मास्तर पै-पैचा हिशेब ठेवतात आणि त्याची वही बायकोपासून लपवतात.

गाडी झाली की ती सरकारी तपासनीसापुढे न्यायची, ही इथली खरी परीक्षा. दिवे, ब्रेक, धूर हे तर आहेच. शिवाय माणसाला लागेल अशी टोकदार कड कुठेही चालत नाही. कडेला अडीच मिलिमीटरची गोलाई हवी. कोब्राच्या चाकांवरचे ते डौलदार कानांचे नट याच परीक्षेत नापास होतात. म्हणून जाणती मंडळी परीक्षेपुरते साधे नट लावतात, कडांना रबराची पट्टी चिकटवतात आणि नंतर काय करतात ते सांगत नाहीत. पुढे नंबरप्लेट. भाग कुठले, कोणत्या साली जन्मले याचे कागद जुळले नाहीत तर प्लेटवर ‘क्यू’ येतो. गोत्र अज्ञात. आयुष्यभर विद्यार्थ्यांचे गुण कापलेल्या माणसाला या क्यूची जी धास्ती आहे ती पाहण्यासारखी आहे. जॅग्वारच्या पावत्या त्यांनी बँकेच्या लॉकरात ठेवल्यात.

तरी इथे निदान परीक्षा देता येते. आपल्या सांगली जिल्ह्यात, देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने मुलासाठी भंगारातून छोटी जीप केली होती, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या शेवटी तिचा व्हिडिओ गाजला. नियमांत न बसणारी गाडी आज ना उद्या अडवली जाणार, हे ओळखून आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि महिन्याभरात ती दिलीही. मला विचाराल तर मास्तरांच्या गाडीपेक्षा बनवायला जास्त अवघड ती जीपच. तिला ना किट, ना उलटी पुस्तिका. मी मास्तरांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा थांबवून स्टिअरिंगची जोडणी न्याहाळली आणि म्हणाले, “मी नसती दिली बदल्यात.”

“मी दिली असती,” आतून मास्तरीणबाई म्हणाल्या, “आणि बोलेरोही नको म्हटलं असतं.”

खऱ्या कोब्रा साधारण हजारभर झाल्या. नकला किती, ते मोजायच्या भानगडीत कुणी पडू नये. रंगांची अंघोळ घातलेली ती पहिली गाडी २०१६ साली लिलावात पावणेचौदा दशलक्ष डॉलरला गेली.

मास्तरांची गाडी गेल्या उन्हाळ्यात पास झाली, क्यूशिवाय. पहिल्यांदा पेट्रोल भरायला मलाही शेजारी बसवून नेलं. रोव्हर-ब्यूकचा तो आवाज ऐकून पंपावरचं पोरगं धावत आलं. दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं, आणि विचारलंच, “ओरिजिनल आहे का?”

“ओरिजिनल असती,” मास्तर नळी जागेवर ठेवत म्हणाले, “तर पेट्रोल भरायला ड्रायव्हर आला असता.”