७८ वर गेलं बघा!

कॉम्प्युटरवर गेम खेळणारी पोरं आता देवणीसारख्या गावातही दोन प्रकारची झाली आहेत. पहिल्या प्रकारची शत्रूकडे बघतात, दुसऱ्या प्रकारची पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे. या दुसऱ्या प्रकाराला आपण डिग्रीराव म्हणू. डिग्रीरावाच्या पडद्यावर ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने बारीक आकड्यांची उतरंड लावलेली असते: ग्राफिक कार्डाचं तापमान, पंख्याचा वेग, विजेचा वापर, सेकंदाला किती चित्रं. त्याखाली उरलेल्या जागेत गेम चालू असतो. हेडफोनमधून सवंगडी ओरडतो, “मागून आला!” हा उत्तर देतो, “७८ वर गेलं!” दुसऱ्या क्षणी तो मरतो, पण आकडा ८० च्या आत राहिला, याचं समाधान घेऊन मरतो. आई विचारते, “काय बघलालास रे त्या कोपऱ्यात?” त्याचं उत्तर तिच्या कानापर्यंत पोचत नाही, कारण मधे कूलरचा आवाज असतो. कूलरचं तोंड सीपीयूकडे असतं आणि आजोबा बाहेर ओसरीवर उपरण्याने वारा घेत असतात.

पुण्यातल्या एसी खोलीत बसून या माणसाला हसणं सोपं आहे. माझं म्हणणं असं की डिग्रीरावाची काळजी खरी आहे, त्याने धरलेला आकडा मात्र अर्धा आहे. आधी काळजीचं बघू. ग्राफिक कार्ड ही त्याच्या घरातली बेताच्या पैशातली मोठी खरेदी, आणि पुष्कळदा ती जुन्या बाजारातली. ग्राफिक कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबवलेली कार्डं जगभर विकायला निघाली. असं कार्ड बाहेरून पुसून चकचकीत दिसतं. आत त्याने काय भोगलंय ते विकणारा सांगत नाही. ज्या गावाचं नाव एका गोवंशाला मिळालंय, त्या गावच्या पोराला हा प्रश्न नवा नाही. देवणी बैल वानेरा, बालंक्या की शेवरा हे रंगावरून लांबूनही ओळखू येतं. पण पैसे मोजणारा दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. डिग्रीराव तेच करतो. फक्त त्याने बैल घरी आणल्यावरही रोज दात मोजायचं सोडलेलं नाही.

आता आकडा अर्धा कसा, ते. कार्डाची उष्णता धातूच्या पात्यांतून हवेत जाते आणि हवा ज्या तापमानाची, त्याच्या वरच कार्डाला राहावं लागतं. पंख्याचा वेग आणि कामाचा भार सारखाच धरला, तर कार्ड ढोबळमानाने खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहतं. समजा, २५ अंशांच्या खोलीत ते ६५ वर असतं. म्हणजे वरचे ४० अंश कार्डाचे. तेच कार्ड मे महिन्याच्या दुपारी देवणीत पत्र्याच्या खोलीत ठेवा. खोली ४० वर गेली की कार्ड ८० वर जाणार. कार्डाने काही गुन्हा केला नाही, ते अजूनही स्वतःचे ४० अंशच घालतंय. पण डिग्रीराव परदेशी व्हिडिओत कुणाचं तरी ६५ बघतो आणि कार्ड खोलायला बसतो. चिप आणि पात्यांमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट खरवडतो, नवी लावतो. हे सगळं होईस्तोवर मृग बरसतो, खोली २८ वर येते, कार्ड ६८ दाखवतं, आणि मित्रमंडळात पेस्टच्या कंपनीचा जयजयकार होतो. श्रेय पावसाचं, हे सांगायला कोणी जात नाही. डिसेंबरात आकडा आणखी उतरतो, तेव्हा तो दुसऱ्यांची कार्डं खोलून देऊ लागतो.

यावर जाणकार म्हणतील, मुळात बघायचंच कशाला? कार्ड स्वतःला सांभाळतं. बरोबर आहे. उदाहरणार्थ, जीटीएक्स १६५० या कार्डाला एनव्हिडिया कंपनीने ९२ अंशांची कमाल मर्यादा दिली आहे. मर्यादा जवळ आली की कार्ड आपणहून वेग कमी करतं, तरीही भागलं नाही तर यंत्रणा बंद पडते. म्हणजे ७८ ला घाबरून उठणाऱ्याची झोप फुकट जाते. पण जाणकारांचं निम्मंच मानावं लागेल. वेग कमी झाला की गेम अडखळतो, आणि ज्यासाठी पैसे टाकले ते मिळत नाही. शिवाय ही भाजक्या मातीची, सोयाबीनच्या भुशाची जागा. पात्यांत धूळ बसते, हवा अडते. खोली तेवढीच गरम असताना कार्ड चार महिन्यांत ४० ऐवजी ५० अंश वर चढू लागलं, तर ते धूळ किंवा वाळलेली पेस्ट सांगतंय. ही बातमी कामाची आहे, आणि ती खोलीचं तापमान वजा केल्याशिवाय वाचता येत नाही. महिन्यातून एकदा बघितली तरी पुरते.

कोणी असंही म्हणेल की त्याला बघण्यातच मजा येते, तुमचं काय जातं? काहीच नाही. पण मजा आणि उपाय यांची गल्लत नको. त्याचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, कार्ड मात्र १४० तयार करत बसतं. उरलेली ८० कुणालाच दिसत नाहीत, त्यांची नुसती ऊब होते. ६० वर मर्यादा घातली की भार उतरतो, वीज वाचते, आकडा आपोआप खाली येतो. दुसरा उपाय जुन्या घरातच आहे: पत्र्याखालून टेबल उचलून माळवदाच्या खोलीत न्यावं. जाड मातीचं छत दुपारची झळ थोपवून धरतं. तिसरा उपाय म्हणजे भिंतीवर एक साधा थर्मामीटर. त्याशिवाय वजाबाकी होत नाही, म्हणून डिग्रीरावाने तो आणलाच पाहिजे. त्यात धोका एवढाच की पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा त्याला एकट्याला कळतो, भिंतीवरचा घरात सगळ्यांना. खोली ४१ वर आहे हे आजोबांनी एकदा वाचलं, की कूलरचं तोंड कुठं असावं हा निर्णय ग्राफिक कार्डाच्या हातात राहणार नाही.