कारणे द्या

शाळेतल्या प्रश्नपत्रिकेत ‘कारणे द्या’ नावाचा एक प्रश्न हमखास असायचा. तो ज्यांना मनापासून आवडायचा, ती मुलं पुढे वकील झाली, पक्षप्रवक्ते झाली आणि ज्यांचं या दोन्हीकडे जमलं नाही ती मराठी मालिका लिहू लागली. आम्ही तिसऱ्या गटातले.

मालिकेत काय होणार हे लेखक ठरवतो, असा महाराष्ट्राचा एक गोड गैरसमज आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी मावशीसुद्धा जिलबी बाजूला ठेवून म्हणतात, “अहो, किती छळाल त्या पोरीला? पुरे करा की आता!” मावशींना वाटतं, आमच्या मनात आलं की पोरगी सोमवारपासून सुखी. प्रत्यक्षात काय घडणार ते वाहिनी ठरवते, कोण हजर असणार ते कलाकारांच्या तारखा ठरवतात, कुठे घडणार ते निर्मात्याचं बजेट ठरवतं, घरातली माणसं काय खाणार ते प्रायोजक ठरवतो आणि हे सगळं किती दिवस चालणार ते प्रेक्षकसंख्या मोजणारी ‘बार्क’ ठरवते. एवढं ठरून झाल्यावर खाली जो ‘का?’ उरतो, तो आमच्याकडे येतो. संध्याकाळी सहापर्यंत हवा असतो.

श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी नावं दिसतात ती यामुळेच. एकट्याला ‘का’ झेपत नाही. कथावाला लिहितो, ‘सून घर सोडते.’ पटकथावाला त्याचे सात सीन करतो. संवादवाला तिच्या तोंडी घालतो, ‘मी चालले.’ ती का चालली, हे उरलेल्या दोघांना माहीत असणार, अशी तिघांचीही खात्री असते.

पत्रकारितेचे विद्यार्थी कधीमधी मुलाखतीला येतात आणि विचारतात, “सर, तुमची साधनं कोणती?” त्यांना आमच्या टेबलावर जाडजूड संदर्भग्रंथ अपेक्षित असतात. टेबलावर असतो लॅपटॉप. त्यात वर्डची फाइल, पान मधोमध उभं दुभागलेलं. डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद. उजवी बाजू ओसंडून वाहते आणि डावीकडे फक्त ‘हॉल. सगळे उभे.’ एवढंच असतं. पूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल सेटवरच्या संगणकावर उघडली, की ‘आई गं!’च्या जागी कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं यायची. युनिकोडने ती भानगड मिटवली. आता आम्ही फोनला बोलून दाखवतो आणि तो टाइप करतो. सोय मोठी आहे, पण रिक्षात बसून ‘नालायका, या घराचा उंबरठा ओलांडलास तर माझं मेलेलं तोंड बघशील’ असं घडाघडा सांगितलं की रिक्षावाला मीटरचे पैसे न मागता सोडतो.

दुसरं साधन कालनिर्णय. १९७३ पासून घराघरात लटकलेल्या या दिनदर्शिकेने मराठी मालिकांना जेवढं कथानक पुरवलंय, तेवढं साहित्याने पुरवलेलं नाही. वटपौर्णिमा, मंगळागौर, हरतालिका यांना पर्याय नाही. मालिका कुठेही पोचलेली असो, सण आला की थांबावं लागतं. आमच्या नायिकेला घटस्फोटाची नोटीस आली सोमवारी, वटपौर्णिमा पडली मंगळवारी. घोडबंदर रोडवरच्या बंगल्याच्या आवारात कलाविभागाने वडाच्या फांद्या आणून आंब्याच्या बुंध्याला बांधल्या आणि फोन आला, “सर, सात जन्म हाच नवरा मिळू दे असं ती म्हणणार आहे. का म्हणते तेवढं टाका.” आम्ही टाकलं. तिने नोटिशीचं पाकीट अजून उघडलेलंच नव्हतं. ते पाकीट पुढे गणपतीपर्यंत उघडलं नाही.

पण सगळ्यांत जालीम साधन म्हणजे ईपीच्या, म्हणजे कार्यकारी निर्मातीच्या हातातला तारखांचा तक्ता. मराठी नट नुसती मालिका करत नाही, नाटकही करतो, आणि नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी असतात. मालिकेतली लग्नंही नेमकी शनिवार-रविवारी चित्रित होतात. मग असा फोन येतो:

“सर, उद्या नानांचा गडकरीला साडेचारचा प्रयोग आहे. दीडला सोडावं लागेल.”

“अगं, उद्या त्यांच्या मुलीचं कन्यादान आहे.”

“तेच विचारतेय. कन्यादान वडिलांशिवाय नाही का करता येणार?”

करता येतं. नानांना मांडवात फोन येतो, चेहरा पांढराफटक पडतो, ते कुणालाही न सांगता निघून जातात. कुठे गेले? तीनशे भागांत ज्याचं नावही निघालं नव्हतं असा त्यांचा एक भाऊ इस्पितळात आहे! का लपवला होता? ते पुढच्या आठवड्यात. आता भाऊ म्हटला की नट आला, नट आला की त्याचं नाटक आलं आणि त्याचा प्रयोग लागला की त्याच्या गायब होण्याला आणखी एक कारण आलं. मराठी मालिकेत तुम्हाला अचानक मामा, सावत्र बहीण, हरवलेली जुळी असं कुणी भेटलं, तर समजा की त्या दिवशी कुणीतरी दीड वाजता सेटवरून निघालं होतं.

अगदीच कुणी नसेल तर फोन असतो. “हो नाना... काय?... बरं, नाना.” बंद पडलेला मोबाइल कानाला लावून आमची नायिका पाच मिनिटं एकटी बोलते. समोरचा किती वेळ बोलतोय हे तिला कळावं म्हणून साहाय्यक दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे बोटं मोजून दाखवतो.

लोक असंही विचारतात, की तुमच्या मालिकेतली माणसं खुनाचे कटसुद्धा हॉलमध्ये, सगळ्या घराला ऐकू जाईल असे का रचतात? त्यांना खोल्या नाहीत का? खोल्या आहेत, प्रकाशयोजना नाही. अर्ध्या तासाच्या भागाला जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटांचा मजकूर लागतो आणि तो साधारण एका दिवसात उरकायचा असतो. लाइट हॉलमध्ये लागलेत, ते बेडरूममध्ये हलवायचे तर तासभर जाणार. त्यामुळे खलनायिका कट हॉलमध्ये रचते आणि सोशीक नायिका तो दाराआडून ऐकते, कारण दार हॉललाच आहे.

आता गुरुवार. गुरुवारी निम्मा महाराष्ट्र दत्ताचा उपवास धरतो आणि आमची जमात बार्कचा. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेत. ती घरं कुणाची हे गुपित असतं. आधल्या शुक्रवारी संपलेल्या आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात. आकडा खाली गेला तर सुनेवर नवं संकट येतं; वर गेला तर चालू संकट लांबतं. सुनेला दोन्ही सारखंच. आकडा पडला की बैठक बसते आणि तिथे पुन्हा तोच प्रश्न, ‘कारणे द्या’. आयपीएल होतं, गावाकडे लाइट नव्हती, मुलांच्या परीक्षा होत्या, लग्नसराई आहे. भाग कंटाळवाणा होता, हे कारण मात्र आजवर कुणी पुढे केलेलं आम्ही ऐकलेलं नाही.

पूर्वी बरं होतं, असं वयस्कर मंडळी म्हणतात. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा गोष्ट संपायची सोय होती. तेरा भाग मंजूर झाले तर चौदाव्याला घरी. चिं. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आला तो लोकांना हसवून वेळेत परत गेला. त्याला कुणी विस्मरण झालेला जुळा भाऊ दिला नाही. मग खासगी वाहिन्या आल्या, रोजचा रतीब सुरू झाला. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ला सुरू झाली आणि २०१३ला थांबली. भाग झाले तीन हजारांवर. म्हणीतल्या सुनेचे चार दिवस अजून यायचेच आहेत. पुढे ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं, की व्हॉट्सअ‍ॅपवर उभ्या महाराष्ट्राने विनोद करून घेतले. लोकांनी लेखकाला हसून घेतलं. पण बाळ जन्माला घालणं लेखकाच्या हातात असतं, असं वाटणाऱ्यांनी गुरुवारवरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

या धंद्याची खरी कसोटी लागली ती करोनात. २०२०च्या मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली. उन्हाळ्याअखेर सरकारने परवानगी दिली, पण अट घातली की ६५ वर्षांवरच्या कलाकारांनी सेटवर यायचं नाही. मराठी मालिकेतून आजी काढली तर शिल्लक काय राहतं? देवघरसुद्धा बंद करावं लागतं. आम्ही कंबर कसली. कुणाची आजी गावी अडकली, कुणाची लेकीकडे राहिली, एका आजीने वरच्या खोलीत दार लावून अनुष्ठान धरलं आणि तिचा फक्त घंटेचा आवाज येऊ लागला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि आज्या घरोघरी परतल्या. अनुष्ठान सफळ झालं का, हे ना घरच्यांनी विचारलं ना प्रेक्षकांनी.

एप्रिल २०२१मध्ये राज्यात चित्रीकरण पुन्हा बंद झालं आणि मालिका गोव्याला गेल्या. कालपर्यंत दुधाचा हिशेब लिहिणारं, वाड्यावर जप्ती आलेलं कुटुंब आज स्विमिंग पूलवाल्या रिसॉर्टवर, बारा माणसांसकट. कारणे द्या! मंगेशी आणि शांतादुर्गा आमच्या मदतीला धावले. जप्तीतून सुटायचं तर कुलदैवताचा नवस सहकुटुंब फेडला पाहिजे, असं गुरुजींनी सांगितलं. कुटुंब कोल्हापूरचं, कुलदैवत जोतिबा, हे दोनशे भागांत ठणकावून सांगून झालं होतं. पण गुरुजींच्या शब्दापुढे कोण जाणार? मेच्या सुरुवातीला गोव्यानेही परवानगी काढून घेतली आणि नवस एका रात्रीत फिटला.

प्रायोजकाचं असंच. आमच्या मालिकेतले आबा ज्या आठवड्यात वारले, त्याच आठवड्यात गुलाबजाम मिक्सचा करार झाला. अंगणात पांढऱ्या साड्या, भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि वाहिनीचा निरोप: पाकीट पाच सेकंद दिसलं पाहिजे, मूड पॉझिटिव्ह हवा. रात्री दोन वाजता सीन गेला. सून फोटोकडे बघत डोळे पुसते आणि म्हणते, “आबांना गुलाबजाम फार आवडायचे हो.” हातातलं पाकीट, तोंड कॅमेऱ्याकडे. सेटवर म्हणे लाइटमन दादाच्याही डोळ्यांत पाणी आलं. प्रायोजकाने कळवलं, की पाकिटावर थोडा प्रकाश वाढवता आला असता.

सांगायचा मुद्दा, आम्ही काहीही पटवून देऊ शकतो. तरीही आमच्यावर बंधनं आहेत. ट्रॅक ‘जस्टिफाय’ झाला नाही तर वाहिनी तो परत पाठवते. नोव्हेंबर २०१९मध्ये राजभवनावर भल्या सकाळी जो शपथविधी झाला, तसा सीन आम्ही लिहिला असता तर पंचविशीतल्या क्रिएटिव्ह मॅडमनी लाल अक्षरांत शेरा मारला असता, ‘सर, नॉट रिलेटेबल. कालपर्यंत हे भांडत होते ना? काहीतरी बिल्ड-अप द्या.’

या सगळ्याच्या बदल्यात मिळतं काय? करारपत्र मिळतं. त्यात लिहिलेलं असतं, की आमचं लेखन आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोध लागतील अशा सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण विश्वात, कायमचं त्यांचं. उद्या गुरू ग्रहावर कुणी ‘गुलाबजाम’चा भाग लावला तरी आम्ही ब्र काढायचा नाही. २०१२मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला आणि लेखकाला रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क मिळाला. तो हक्क आमच्याकडेच आहे, कपाटात, कारण सोडता येत नाही.

मानधन भाग दाखवल्यानंतर नव्वद दिवसांनी. नव्वदाव्या दिवशी आम्ही निर्मितीसंस्थेच्या अकाउंट्समध्ये फोन लावतो. पलीकडे एक बाई आहेत. आवाज मृदू, गडबड नाही. पहिल्या महिन्यात म्हणाल्या, “सर, इन्व्हॉइसवर तुमची सही निळ्या शाईत आहे.” दुसऱ्या महिन्यात, “चेकवर सही करणारे सर तिरुपतीला गेलेत.” तिसऱ्यात, “सर आले, पण केस काढून आलेत ना, बँकेच्या फोटोशी चेहरा जुळेना.” त्यानंतर चॅनेलकडूनच आलं नाही, मार्च एंड आहे, सिस्टीम बदलली, आणि एकदा तर, “सर, तुमचा चेक तयार आहे, पण तुमच्याच नावाचे दुसरे लेखक घेऊन गेले वाटतं.” टीडीएस मात्र दहा टक्के वेळेवर कापलेला असतो.

इतकी वर्षं हे काम केल्यावर अस्सल माल आम्हाला ओळखता येतो. प्रत्येक कारण वेगळं, आधीच्याशी विसंगत नाही, कुठे पाल्हाळ नाही आणि दर वेळी पुढच्या फोनची उत्सुकता कायम. न राहवून आम्ही निर्मात्यांना गाठलं आणि म्हटलं, “साहेब, तुमच्याकडे एवढी गुणी बाई अकाउंट्समध्ये काय करतेय? पटकथेला बसवा तिला.”

“दोनदा विचारलं हो,” निर्माते म्हणाले. “नको म्हणते. लेखकांना पैसे वेळेवर मिळत नाहीत म्हणे.”