दहापैकी किती?

सोमवारी सकाळी आसनगाव स्टेशनच्या पुलावरून कुणी मध्यमवयीन गृहस्थ कठडा घट्ट धरून, खेकड्यासारखा आडवा-आडवा उतरताना दिसला, तर त्याला संधिवात झालाय असं समजून हळहळू नका. तो आदल्या दिवशी माहुली किल्ल्यावर जाऊन आलेला असतो. आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी डोकावत असेल, तर मात्र त्याच्या शेजारी बसू नका. तो आपला प्रयोगशेठ आहे.

खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हा माणूस एकटा नाही. मुरबाडला एक आहे, किन्हवलीला एक आहे, आणि कल्याणच्या पुढे तर प्रत्येक सोसायटीत एक आहे. चाळिशी उलटून गेलेली, डॉक्टरांनी एकदा साखरेचा आकडा दाखवून घाबरवलेलं, आणि त्या भीतीतून व्यायामाला लागलेला. पण आमचा शेठ नुसता व्यायाम करून थांबत नाही. तो बी.एस्सी. आहे. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही मिळवण्यासाठी केलेली वणवण त्याच्या रक्तात भिनली आहे. त्याच्या डायरीत अजूनही रकाने आखलेले असतात: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. त्यातला निष्कर्ष तेवढा तो शनिवारी रात्रीच भरून ठेवतो, म्हणजे रविवारी धावपळ होत नाही.

उद्देश कायम एकच. अंग आंबू नये.

अंग आंबणं म्हणजे काय, हे शेठइतकं सविस्तर कुणी सांगणार नाही. गावातल्या जिममधला पोरगा सांगतो की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचतं. ते ऐकलं की शेठचा संताप होतो, आणि इथे, खरं सांगायचं तर, शेठचंच बरोबर आहे. ते ॲसिड व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातून निघून जातं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी येऊन बसतं. अमेरिकेत थिओडोर हफ नावाच्या गृहस्थाने 1902 सालीच बोटांच्या स्नायूंना राबवून पाहिलं आणि असं सुचवलं की हे उशिरा उठणारं दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक फाटाफाटीचं असावं. ही फाटाफाट जास्त होते ती उतरताना, कारण तेव्हा मांडीचा स्नायू लांबता लांबता भार पेलत असतो. म्हणून माहुलीच्या चढाला छाती बोलते आणि उताराचा हिशेब मांड्या सोमवारी मागतात. माहुली 2815 फूट. निजामशाही वाचवायच्या शेवटच्या धडपडीत शहाजीराजे याच किल्ल्याच्या आसऱ्याला होते. त्यांना उतरल्यावर काय झालं याची नोंद कुठल्याही बखरीत नाही, ही गोष्ट शेठला फार लागते. "इतका मोठा डेटा वाया गेला," असं तो म्हणतो.

साहित्याचा रकाना ऋतूप्रमाणे बदलतो. निर्गुडीचा पाला उकळून शेक घेण्यापासून सुरुवात झाली. त्यात गैर काही नव्हतं, आमच्या आज्याही तेच करत. पण शेठने पाल्याचं वजन करायला सोनाराचा काटा मागून आणला. पुढे करंजाचं तेल आलं. ते लावून तो लोकलला चढला त्या दिवशी त्याला बसायला अख्खा बाक मिळाला, आणि "दुखणं कमी, जागा जास्त" अशी नोंद झाली. मग हळद. हळदीतलं कर्क्युमिन एकटं अंगी लागत नाही, सोबत मिरं लागतं, हे 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं. ते शेठच्या वाचनात आलं आणि महिनाभर त्याच्या दुधाला इतकं मिरं पडलं की घरात शिंका थांबेनात.

गुळवेलीचं प्रकरण मात्र वेगळं. ही वेल आमच्याकडे कुंपणावर फुकट चढते. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतल्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून तीच रानातून गोळा करून, सुकवून, मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली आणि कोटीच्या घरातल्या ऑर्डरी मिळवल्या. तालुक्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. शेठलाही तो वाटतो. पण स्वतःच्या कुंपणावरची वेल तोडून तो काढा करणार नाही. ती वेल शहापुरातून कारखान्यात जाऊन, बाटलीत बसून, लेबल लावून मेडिकलच्या दुकानात परत आली की मगच तो विकत घेतो. "त्यात प्रमाण असतं," हे त्याचं उत्तर. हा प्रयोग शेठच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, बंद पाडला. 2020 च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला त्रास झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा संशय घेतला. वाद राहिला वादाच्या जागी. वहिनींनी त्या बातमीचं कात्रण बाटलीला रबराने बांधलं आणि बाटली माळ्यावर टाकली.

त्यानंतर अश्वगंधा. 2015 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास शेठला कुणीतरी पाठवला. 57 पुरुष, आठ आठवडे, निम्म्यांना मुळाचा 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी पण पोकळ गोळी, आणि सगळ्यांना वजनं उचलायला लावलेली. अर्क घेणाऱ्यांची ताकद जास्त वाढली आणि रक्तातली स्नायू दुखावल्याची खूण कमी दिसली. अभ्यास लहान होता, एकावरून जग बदलत नाही, पण शेठच्या डोळ्यांत पाणी आलं ते वेगळ्याच कारणाने. लेखकांच्या यादीत पहिलंच नाव वानखेडे होतं. "आपला माणूस!" असं म्हणून त्याने त्या दिवशी सगळ्या डब्याला चहा पाजला.

आता एवढ्या प्रयोगांत एकही औषध फसलं कसं नाही? निर्गुडी लागू पडली, करंज लागू पडलं, हळद लागू पडली. याचं कारण फार साधं आहे. असलं दुखणं पहिल्या दिवशी उठतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि मग आपल्या पायांनी निघून जातं. शेठ औषध कधी घेतो? मंगळवारी रात्री, सहन होईनासं झालं की. बुधवारी उतार पडतो. गुरुवारी शेठ पूल धडाधड उतरतो आणि वाटेत भेटेल त्याला पुडी देतो.

हे त्याला सांगितलं कुणी, तर त्याच्या शेतावर आवणीला येणाऱ्या एका बाईने. आषाढात चिखलात दिवसभर वाकून भात लावायचं म्हणजे माहुलीच्या दहा फेऱ्या. शेठ बांधावर छत्री धरून डायरी घेऊन उभा. "मावशी, कंबर दहापैकी किती दुखते?" बाई सरळ झाली, हातातली मूठ सोडली नाही. "पहिलं दोन दिस धरती, मंग सुटती. रोज वाकलं का काय नाय व्हत." सवयीच्या स्नायूला त्याच कामाचा त्रास पुढच्या खेपेला कमी होतो, हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात पानं भरून लिहिलेलं आहे. शेठने विचारलं, "आणि त्यावर औषध काय घेता?" बाई म्हणाली, "मजुरी."

तरी तिच्या बोलण्याने शेठ हलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने खरा प्रयोग करायचं ठरवलं. आंधळा प्रयोग! म्हणजे कुणी काय खाल्लं ते खाणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही. लोकलचा आमचा भजनी ग्रुप त्याने एका रविवारी मुरबाडच्या देहरी गावातून गोरखगडावर नेला. कातळात खोदलेल्या त्या पायऱ्या उतरताना भजनातले सगळे देव आठवले. प्रिन्सेस स्ट्रीटवरून रिकाम्या कॅप्सूल आणलेल्या होत्या. एका डबीत हळद-मिरं, दुसऱ्या डबीत आधी तांदळाचं पीठ घातलं होतं. पण कॅप्सूल पारदर्शक निघाल्या आणि पांढरं-पिवळं लांबूनच ओळखू येऊ लागलं. मग तांदळाच्या जागी बेसन आलं. डब्यांवर नुसतं अ आणि ब; कोणती डबी कसली, हे फक्त वहिनींना माहीत.

सोमवार ते गुरुवार आमच्या डब्यात भजन झालं नाही. वाशिंद गेलं की शेठ उठायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, "दहापैकी किती?" एकजण म्हणाला, "साडेसात, पण त्यात बायकोचं बोलणं धरलंय." दुसऱ्याने भाव उतरवून चार सांगितले, कारण त्याला वाटलं कमी सांगितलं की गोळ्या बंद होतील. एक कारकून मात्र गोळी घ्यायलाच तयार होईना. म्हणाला, "मला फुकटचं पचत नाही." त्याचेही आकडे शेठने लिहिले: आठ, आठ, तीन, शून्य.

गुरुवारी रात्री वहिनींनी भेद उघडला. ब डबीवाल्यांना अ डबीवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला होता, आणि ब डबीत बेसन होतं. कारकुनाची ओळ शेठने तांबड्या शाईने खोडली, शेरा मारला, "नियम पाळले नाहीत म्हणून बाद."

बेसन मात्र बाद झालं नाही. शेठ सध्या त्याच्या मात्रेवर काम करतोय. चण्याच्या डाळीत असा कोणता घटक असावा, यावर तो टिटवाळ्यापर्यंत बोलतो. परवा तो पुन्हा कॅप्सूलची डबी घेऊन डब्यात शिरला तेव्हा ग्रुपने एकमुखाने ठराव केला की बेसनाचा प्रयोग पुढे चालवायला कुणाची हरकत नाही, पण यापुढे ते कांदा घालून, तळून आणावं, आणि सोबत मिरची असावी.