नाशिक : गुण तेरा

दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द काढण्याच्या उद्योगाचे शास्त्रीयदृष्ट्या दोन प्रकार पडतात : पहिल्यात हाती आलेल्या अक्षरांवरच भागवायचे असते, तर दुसऱ्यात दिलेली सर्व अक्षरे शब्दात असणे बंधनकारक असते, मग बाहेरची पाहुणी अक्षरे कितीही आली तरी चालतात. पहिला प्रकार माणसाला कोंडीत पकडतो, दुसरा वाऱ्यावर सोडतो, आणि सुट्टीची दुपार दोहोंत सारखीच खर्ची पडते.

या दोन्ही प्रकारांच्या अभ्यासाला नाशिक हे नाव फार सोयीचे आहे, कारण त्याच्या रोमन लेखनात एन, ए, एस, एच, आय आणि के अशी सहा अक्षरे असून त्यांतले एकही दुबार येत नाही. १९३० च्या दशकातील मंदीत काम गमावलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून जो खेळ रचला आणि जो पुढे १९४८ मध्ये स्क्रॅबल या नावाने बाजारात आला, त्यात प्रत्येक अक्षराला त्याच्या दुर्मिळतेनुसार गुण असतात. त्या हिशेबाने इंग्रजी अमदानीतल्या एच नसलेल्या नाशिकची किंमत नऊ भरते, तर आजच्या नाशिकची तेरा; म्हणजे केवळ उच्चार सुधारल्यामुळे एखाद्या गावाची चार गुणांनी बढती झाल्याचे हे उदाहरण आहे. दुर्दैव एवढेच, की विशेषनाम लावायला त्या खेळात परवानगी नसल्याने हे तेरा गुण नाशिककराच्या हाती कधीच पडत नाहीत.

वस्तुतः हे नाव इंग्रजीने एकदा सामान्य शब्द म्हणून वापरून पाहिलेले आहे. नाशिकला राहिलेले मिशनरी ए. एच. फ्रॉस्ट यांनी १८७८ मध्ये 'नाशिक चौरसां'च्या गुणधर्मांवर गणिताच्या नियतकालिकात निबंध लिहिला. साध्या जादूच्या चौरसात आडव्या, उभ्या आणि दोन मुख्य तिरप्या ओळींची बेरीज सारखी येते. नाशिक चौरसात मात्र कडेला तुटून पलीकडच्या कडेने पुन्हा सुरू होणाऱ्या तिरप्या ओळींचीही बेरीज तीच यावी लागते. पंचवटीच्या गल्ल्यांतून वाट काढलेल्या माणसालाच अशी अट सुचू शकते, असा तर्क करायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळावे. जाणकार खेळाडू अक्षरे प्रथम वर्णानुक्रमे लावतात (येथे ए, एच, आय, के, एन, एस), म्हणजे ओळखीच्या नावाची डोळ्यांवरची झापड उडते. केवळ या सहांतून जे शब्द निघतात त्यांत 'स्किन', 'शिन' आणि 'शँक', म्हणजे कातडी, नडगी आणि तंगडी, हे प्रमुख आहेत. ज्या गावाचे नाव परंपरा शूर्पणखेच्या नासिकेशी जोडते, त्याच्या अक्षरांतून नाक तेवढे निघत नाही, ही लक्ष्मणाच्या कामगिरीची पक्की पावती मानावी लागेल. मात्र सातवे अक्षर म्हणून ई घेतल्यास 'हँकीज', म्हणजे हातरुमाल, तयार होतात, आणि सातही सोंगट्या एकदम लावल्याबद्दल पन्नास गुण वर मिळतात. नाक गेले तरी रुमाल शाबूत आहे, आणि निफाडच्या थंडीत त्याची गरजही पडते.

जी हे अक्षर त्याहून बोलके आहे. जुन्या पाच अक्षरी नाशिकला जी जोडला तर 'आस्किंग', म्हणजे विचारणे. नव्याला जोडला तर 'शेकिंग', म्हणजे हादरणे. पूर्वीचा प्रवासी वाट विचारत येई आणि आताचा हादरत येतो, या निरीक्षणाला पावसाळ्यात मुंबईहून महामार्गाने आलेल्या कोणाकडूनही पुरावा मिळू शकेल. एम दिल्यास 'खमसीन' होते, ते इजिप्तमधल्या धुळीच्या उष्ण वाऱ्याचे नाव असले तरी मे महिन्यातल्या मालेगावकराला त्यात परकेपणा वाटू नये. व्ही दिल्यास 'नेव्हिश', म्हणजे लबाड. हा शब्द जिल्ह्यातल्या कोणत्या धंद्याला लावावा हे लिलावाच्या दिवशी शेतकऱ्याला विचारू नये.

दुसऱ्या प्रकारात सर्वांत मोलाचा सापडतो तो 'श्रिंकेज'. कांदाचाळीत साठवलेला माल सुकून वजनात जी घट येते तिला नेमका हाच शब्द लागू पडतो, आणि त्यात नाशिकची सहाही अक्षरे बिनचूक हजर आहेत, याची नोंद लासलगावच्या बाजार समितीने घ्यायला हवी. 'थँक्सगिव्हिंग'मध्येही ती आहेत. पण पिकाबद्दल आभार मानण्याचा तो अमेरिकन सण कांद्याच्या भावावर अवलंबून ठेवला, तर कित्येक वर्षे तो साजरा करण्याची वेळच यायची नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, तो असा की शब्द शोधणाऱ्याने अर्थात गुंतू नये. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना शब्दांच्या याद्या पाठ करून २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद मिळवले, आणि २०२४ मध्ये स्पॅनिशची तीच गत केली. पण ज्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी पत्रिका उघडली की निदान एक तरी शांत निघते, तिथल्या माणसाने अक्षरे उलगडून फलित न पाहता उठावे, ही अपेक्षा जरा जास्त होते.

शेवटी, तुलनेखातर पुण्याचा विचार करावा लागतो, आणि तिथे अन्याय उघडा पडतो. पुण्याच्या पी, यू, एन, ई या चार अक्षरांत डी घातला की 'अपेंड', म्हणजे समोरच्याला उलथवून टाकणे, होते, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु आर घातला की 'प्रून', म्हणजे छाटणे, होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून निफाड-दिंडोरीच्या बागाइतदाराने हाताला घट्टे पाडून घ्यावेत, आणि शब्द मात्र एका अक्षराच्या खर्चात पुण्याने न्यावा, हे घडलेले आहे. नाशिककडे ना पी, ना आर, ना यू, आणि जो ई उसना मिळाला तोही रुमालात गेलेला.