घरमालक, जरा बाजूला व्हा!

पणजीचं फोंताईन्हास पायी फिरूनच बघावं, असं जो तो सांगतो. आपली मंडळीही ऐकतात. गाडी लांब लावतात, पाण्याची बाटली घेतात, टोप्या चढवतात आणि निघतात. पन्नासेक पावलांवर पहिली रंगीत भिंत लागते. पायी फिरणं तिथेच संपतं.

मग त्या भिंतीपुढे आधी एकेकटे, मग जोडीनं, मग ‘आईंना मध्ये घ्या’. तेवढ्यात त्या घरचे वयस्कर गृहस्थ पाव आणायला दार उघडून बाहेर येतात. त्यांनाच विनंती होते, “अंकल, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय!” अंकल स्वतःच्या दारात उभे असतात.

लग्नाआधीच्या फोटोवाल्यांचा थाट तर विचारूच नका. पायघोळ झग्यातली नियोजित वधू, झग्याचं टोक उचलायला मैत्रीण, रिफ्लेक्टर धरायला एक पोरगा. परक्याच्या पायरीवर बसायचं, परक्याच्या खिडकीतून लाजायचं आणि परक्याच्या दारावर टकटक केल्याचा अभिनय करायचा. आतून खरंच कुणी दार उघडलं, की सगळे वैतागतात. शॉट बिघडला ना!

रहिवाशांनी कंटाळून ‘फोटो काढू नका’ असे फलक लावले. आता त्या फलकाचेही फोटो निघतात.

हे रंग काही आभाळातून पडलेले नाहीत. पावसाळा सरला की घर रंगवायचं आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवायचा, असा पोर्तुगीज काळातला दंडक सांगितला जातो. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, रंगाऱ्याचं बिल मात्र घरमालकाकडेच राहिलं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर चार महिने गोव्याचा पाऊस. शेवाळ धरतं, पोपडे सुटतात, कौलं सरकतात. शिडी लावायची त्यांनी, लाइक मोजायचे आपण.

बरं, ज्यासाठी पायी फिरायला सांगतात, ते कुणी बघतं का? आल्तिनोची टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या या पट्ट्यात एकेकाळी माडांची बाग होती. मोझांबिकमध्ये कमाई करून परतलेल्या आंतोनियो जुआंव दे सिकेरा यांची. पुढे जुन्या गोव्यातून माणसं इकडे सरकली आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. टेकडीच्या पायथ्याचा फिनिक्स झरा अजून आहे. या वस्तीचं नावच झऱ्यावरून पडलं. पण झऱ्यापाशी गर्दी नसते. त्याची भिंत पुरेशी निळी नसावी.

एखाद्या जुन्या खिडकीपाशी थांबा. काचेच्या जागी शिंपल्याचे पातळ चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत ओळीनं बसवलेले दिसतील. काच महाग होती तेव्हाची ही युक्ती. उजेड आत येतो, पण दुधाळ होऊन. ऊन अडतं आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. दारात पर्यटक येणार हे त्या सुतारांना आधीच कळलं होतं की काय, कोण जाणे!

पुढे सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल आहे. तिथला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या वाड्यातला. ते १८१२ मध्ये बंद पडलं, मग तो पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. या क्रूसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. ते बघून आरोपींची बोबडी वळावी म्हणून तसे ठेवले, असं सांगतात. आरोपींचं माहीत नाही, पण चॅपेलच्या पायऱ्यांवर पाय पसरून पोझ देणाऱ्यांवर त्यांचा काही परिणाम होत नाही.

इथल्या एका रस्त्याला ३१ जानेवारीचं नाव आहे. १८९१ मध्ये त्या दिवशी पोर्तुगालच्या पोर्तो शहरात राजाविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला होता. तो फसला. फसलेल्या उठावाचं नाव इतकी वर्षं मिरवणारा हा रस्ता, आणि आमच्या फोटोखाली ओळ काय? ‘इंडियातलं युरोप!’

आता जरा आपल्या घराकडे या. डोंबिवली असो की कोथरूड, आपल्या सोसायटीच्या फाटकावर काय लिहिलेलं असतं? ‘पाहुण्यांच्या गाड्या आत आणू नयेत.’ ‘जिन्यात बसू नये.’ ‘विक्रेत्यांना सक्त मनाई.’ कुरियरवाल्या पोरानं लिफ्ट वापरली तर आपण कमिटीची मीटिंग लावतो. उद्या पणजीचं एखादं कुटुंब येऊन आपल्या दाराच्या तोरणाखाली फोटो काढायला लागलं आणि आपल्यालाच म्हणालं, ‘काका, जरा आत जा ना’, तर? काका आत जातील, पण पोलिसांना फोन लावायला.

पर्यटकांनी येऊच नये, असं कुणी म्हणत नाही. इथल्या काही घरांत खाणावळी आहेत, काहींत राहायची सोय आहे. त्यांची दारं आपल्यासाठीच उघडी आहेत. तिथे बसा, जेवा, पैसे द्या, हवे तेवढे फोटो विचारून काढा. बाकीच्या घरांत माणसं राहतात. त्यांची दुपारची झोप असते, आजारपण असतं, भांडणंही असतात. त्यांनी हसऱ्या चेहऱ्यानं आपल्यामागे उभं राहावं, असा काही करार झालेला नाही.

तेव्हा वाचकहो, हिशेब सोपा आहे. रस्ता सगळ्यांचा, पायरी घरमालकाची. एवढा फरक कळत असेल तर फोंताईन्हासला जरूर जा आणि खुशाल पायी फिरा. कळत नसेल, तर फोटो आपल्याच बिल्डिंगच्या जिन्यात काढा. सेक्रेटरींची लेखी परवानगी तेवढी घ्या.