पुरे म्हटल्यावर

"माणशी ठरलेले पैसे भरायचे आणि हवं तेवढं खायचं," मी दादांना समजावलं.

"म्हणजे पंगतच की," दादा म्हणाले. "निस्ता आहेर आधी घेतात."

एवढ्यावर ते तयार झाले आणि रविवारी संध्याकाळी आम्ही गारखेड्यातून पाच जण निघालो. सूतगिरणी चौकात नेहमीची गर्दी होती. आईनं जाताजाता गजानन महाराजांच्या मंदिराच्या दिशेनं हात जोडले. लेक सकाळपासून उपाशी होती, म्हणजे पैसे वसूल.

टेबलाच्या मधोमध चौकोनी भगदाड होतं. पोरानं त्यात निखाऱ्यांची शेगडी अलगद उतरवली, वर सळ्या मांडल्या. पनीर, मश्रूम, अननसाच्या फोडी. शेजारी बोटभर झेंडा. तो उभा आहे तोवर खाणं येत राहणार, आडवा केला की थांबणार. टेबलावरच्या शेगडीची ही तऱ्हा आपल्याकडे रूढ केली ती 2006 साली मुंबईत निघालेल्या बार्बेक्यू नेशननं. आम्ही गेलो ते त्याच वळणाचं, दुसरं एक.

दादांनी आधी हात शेकून घेतले. मग बेबी कॉर्नची सळई उचलून निरखली. "पोटरीतच तोडलं हो हे. चार दिवस थांबले असते तर दाणा भरला असता."

लेकीनं मोबाइलवर शोधून माहिती वाचली. बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरचा. काठ्यांच्या उंच चौकटीला तिथले लोक बार्बाकोआसारखं काहीतरी म्हणत. त्यावर मांस भाजत, झोपतही.

"माळा," दादा म्हणाले. "ज्वारीत पाखरं हाकायला बसायचो तो."

मी म्हटलं, याचं खरं घराणं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत. तिथं हिकरीच्या लाकडाच्या धुरावर मांस बारा-बारा तास मंद शिजवतात, आणि संपलं की सरळ दुकान बंद. दादांना हे बंद करणं आवडलं. आपलं दख्खन म्हणजे तरी दक्षिणच. आणि गारखेडाही शहराच्या दक्षिण अंगाला. आमचा बार्बेक्यू दोन्हीकडून दाक्षिणात्य ठरत होता.

पण दादांच्या डोळ्यांपुढे आगटी होती, हे मला कळत होतं. पौषातली सकाळ, शेतात हातभर खड्डा, त्यात फुललेल्या गोवऱ्या. गुळभेंडीची कोवळी कणसं राखेत खुपसायची, चटका बसत असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून भुसा उडवायचा. हिरवागार वाफाळता हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. कणसं भाजणारा स्वतः शेवटी खातो. त्याचं सगळं लक्ष तुमच्या ओंजळीकडे. तुम्ही "बस्स" म्हणालात की तो आणखी एक कणीस चोळायला घेतो, चौथ्यांदा नाही म्हणाल तेव्हा कुठे विचारतो, "खरंच का?" मराठवाड्यात पहिला नकार हा नकार नसतोच, ती ताटाची पूर्वतयारी असते. "नको" म्हणायचं ते वाढणाऱ्याला वाव मिळावा म्हणून.

या शिस्तीत पंचाहत्तर वर्षं काढलेल्या माणसानं पहिल्या फेरीनंतर सभ्यपणे झेंडा आडवा केला. आणि वाट बघत बसले.

कुणीच आलं नाही. शेजारच्या टेबलावर सळ्यांवर सळ्या उतरत होत्या. आमची शेगडी सुनी. दादा इकडेतिकडे बघत पाणी पीत होते. आमचं लक्ष गेलं तोवर बराच वेळ गेला होता. लेकीनं पटकन झेंडा उभा केला. पोरगा धावत आला, "आजोबा, पनीर देऊ?"

"नको, नको. पुरे."

बिचारा गोंधळला. झेंडा हो म्हणतोय, आजोबा नाही म्हणतायत. त्यानं आजोबांचा मान राखला, झेंडा पुन्हा आडवा केला आणि निघून गेला. दादांचा चेहरा असा झाला, जणू लग्नात नवऱ्याकडच्यांना पंगतीतून उठवलंय.

हे दोनदा झालं. त्या पोराचा यात काय दोष? त्याला झेंडा वाचायला शिकवला होता, माणूस नाही. आणि आमचा माणूस वाचायला घरच्यांनाही वीसेक वर्षं लागली.

शेवटी आईनं स्वतःच्या ताटातले पनीरचे तीन तुकडे न विचारता त्यांच्या ताटात सरकवले.

"अगं, कशाला? बस्स झालं ना," दादा म्हणाले आणि खायला लागले. मग अननसही गेला, बेबी कॉर्नही. गुलाबजामच्या वेळी आईनं दोन वाढले तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला, पण बोटं चांगली फाकवून.

बिलासोबत अभिप्रायाचा कागद आला. कसं वाटलं, काय सुधारावं. दादांनी चष्मा लावला, माझ्याकडून पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"सर्व उत्तम. आग्रह कमी."